त्रेचाळीस रिकामी घरं

उदगीरचे चांदपाशा शेंगदाणे खायच्या आधी ओळीत लावतात. समोर बशी आली की उजव्या हाताची तीन बोटं एकेक दाणा उचलून डाव्या तळव्यावर शेजारी शेजारी ठेवतात, आणि ओळ भरली की मगच ती तोंडात जाते. हे त्यांचं त्यांना कळत नाही. त्यांची बायको खातूनबी हे पन्नास वर्षं पाहते आहे. "खाते हैं के छापते हैं जी?" असं ती अजून विचारते, आणि ते अजून दचकून हाताकडे बघतात.

चौदाव्या वर्षी वडिलांच्या छापखान्यात ते खिळे जुळवायला बसले. मोंढ्याच्या रस्त्यावर दोन खोल्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, आडत दुकानांची पावतीपुस्तकं, निवडणुकीत हँडबिलं. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, ओळ घट्ट बसवायची. वडिलांनी पहिला आठवडा त्यांना अक्षरांना हात लावू दिला नाही, फक्त कोरे खिळे हाताळायला लावले. दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेलाही शिशाचा खिळा असतो, अक्षरापेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नाही आणि कागदावर तो दिसत नाही. "कोरी जागा आपोआप राहत नाही, बेटा," वडील म्हणायचे, "ती बसवावी लागते. नाही बसवली तर ओळ कोसळते."

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत शेषेराव गुरुजी त्यांच्याकडे आले. जांबखडी गावच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या भूकंपात ते गाव गेलं होतं, आणि गुरुजी त्या दिवशी नांदेडला बहिणीकडे होते म्हणून राहिले होते. त्यांच्याजवळ दोनशे पानी वही होती. तीत गेलेल्यांची नावं होती, घरवार.

"अकारविल्हे लावू का, गुरुजी?" चांदपाशांनी विचारलं. "शोधायला सोपं जाईल."

"कशाला? आता काय हजेरी घ्यायची हाय का?" गुरुजी म्हणाले. "पुस्तक उघडलं की वेशीतून आत शिरल्यावानी झालं पाहिजे. एका पानावर एक गल्ली. डावीकडची घरं डाव्या रकान्यात, उजवीकडची उजव्या. जशी होती तशी."

"आणि ज्या घरात कुणी गेलं नाही?"

"ते घर न्हवतं का? त्याची जागा कोरी सोडायची."

जांबखडीत घरं दोनशे सहा. त्यांतली त्रेचाळीस वाचली होती. म्हणजे माती-दगड पडले, पण आतली माणसं निघाली. त्रेचाळीस ठिकाणी चार-चार ओळींची जागा कोरी ठेवायची म्हटल्यावर छापखान्यातले कोरे खिळे पुरेनात. बिदरच्या एका छापखान्यातून पिशवीभर मागवावे लागले. गुरुजींनी प्रस्तावनेत लिहिलं: या पुस्तकात त्रेचाळीस घरं रिकामी छापली आहेत, ती देवाच्या दयेनं रिकामी आहेत, वाचकानं ती ओलांडून जाऊ नये.

दोनशे प्रती निघाल्या. गाव नव्या जागी वसलं, तिथं सरळ रस्ते आणि नंबराचे प्लॉट आले, कोण कुणाच्या शेजारी होतं याला काही अर्थ उरला नाही. स्मारकाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत एक प्रत ठेवली गेली. दर वर्षी तीस सप्टेंबरला ती पेटी उघडायची.

पहिल्याच वर्षी चांदपाशांनी तिथं साखराबाईला पाहिलं. पन्नाशीची बाई, अक्षरओळख नाही. पुढं येऊन तिनं पुस्तकाचं दुसरं पान उघडलं आणि डाव्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली मोजलं. एक घर, दोन घरं, मग एक रिकामं, मग तिचं. चौथ्यावर बोट थांबलं. तिथं तिचा नवरा रामलिंग आणि अकरा वर्षांचा लेक भागवत यांची नावं होती. तिनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, जसं पोराच्या कपाळावरून फिरवतात, आणि पान मिटलं. कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. चांदपाशा त्या रात्री खातूनबीला म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा माझं काम न वाचणाऱ्या माणसानं वाचलं.

पुढची वर्षं जशी सगळ्या छापखान्यांची गेली तशी त्यांचीही गेली. शिसं वजनावर विकलं, कॉम्प्युटर घेतला. दोन हजार तीन साली गुरुजींनी दुसरी आवृत्ती काढायचं मनात घेतलं, म्हणून चांदपाशांनी अख्खं पुस्तक स्वतःच्या हातानं टाइप केलं. कोऱ्या घरांसाठी आता खिळे नव्हते, मग त्यांनी तेवढ्या वेळा नुसती कळ दाबून जागा सोडली. पडद्यावर पान हुबेहूब दिसलं. आवृत्ती निघाली नाही. गुरुजी गेले. दोन हजार सोळात तो कॉम्प्युटर मरायला टेकला तेव्हा एका ओळखीच्या दुकानात बसून त्यांनी जुन्या फॉन्टमधली सगळी कामं नव्या पद्धतीच्या अक्षरांत करून घेतली. जांबखडीची चारशे अठरा नावं त्यांनी तीन वेळा वाचून तपासली. काना-मात्रेची एकही चूक नव्हती. पेनड्राइव्ह टिनच्या डबीत ठेवला, आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्यानं नेला.

या वर्षी जुलैत नांदेडहून आदिनाथ नावाच्या तरुणाचा फोन आला. तो एका संस्थेत होता. भूकंपातल्या चाळीस गावांच्या नोंदी एकत्र करून त्यांची वेबसाइट करायची आणि प्रत्येक गावाचं नवं पुस्तक छापायचं, असं काम संस्थेनं घेतलं होतं.

"जांबखडीच्या पुस्तकाला वाळवी लागली, काका," तो म्हणाला. "पेटी उघडली तर आत भुगाच. वरची दोन-तीन पानं तेवढी शाबूत. घरोघरच्या प्रती केव्हाच गेल्या, गावात दुसरी कुणाकडं न्हाई. तुमच्याकडं काही आहे का?"

"माझी प्रत गुरुजींनी नेली ती नेलीच, पण फाइल आहे," चांदपाशा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांनी टिनची डबी काढली. "अख्खी आहे. एक नाव इकडचं तिकडं नाही."

योगायोग असा, की हे काम लातूरच्या ज्या कंपनीकडे गेलं तिथंच त्यांची नात कशिश नोकरी करत होती. तिचं काम तिनं त्यांना पूर्वी एकदा समजावून सांगितलं होतं. मजकुराला आतून खुणा घालायच्या: हे गाव, हे नाव, हे वय. तो कसा दिसेल ते त्या फाइलीत लिहायचंच नाही. दिसणं ठरवणारी नियमांची फाइल वेगळी. मग त्या एकाच मजकुरातून वेबसाइटचं पानही निघतं आणि छापायचं पुस्तकही. "म्हणजे तुम्ही खिळे लावता, पण ओळ बांधत नाही," चांदपाशा तेव्हा म्हणाले होते. "तसंच, दादा," ती हसली होती.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन उदगीरला आली. ती येण्याआधी चांदपाशा साखराबाईला जाऊन भेटून आले होते आणि शब्द देऊन बसले होते. "नवीन पुस्तक येतंय, माय. चकचकीत. पण तुझं घर जागचं हलणार न्हाई."

"वाळवीनं खाल्लं म्हून सांगत होते सगळे," साखराबाई म्हणाली होती. आता ती ऐंशीच्या पुढं होती. "मला वाटलं, दुसऱ्यांदा गेलं घर."

"मी जिता हाय तवर न्हाई जाणार."

कशिशनं फाइल उघडली, खालपर्यंत सरकवली, परत वर आणली.

"दादा, प्रस्तावनेत त्रेचाळीस रिकामी घरं लिहिलंय. ती कुठं आहेत?"

"अगं, मधेमधे आहेत. जागा सोडलेली आहे."

"कुठं?"

त्यांनी चष्मा पुसला. पडद्यावर नावं एकाखाली एक, सरळ, दाटीवाटीनं उभी होती. गल्लीला गल्ली चिकटली होती. एक बोटभरही जागा नव्हती.

"अक्षरं बदलून घेतली ना तुम्ही त्या दुकानात," कशिश हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा त्या प्रोग्रामनं सलग रिकाम्या जागा दाबून टाकल्या असणार. त्याला तो कचरा वाटतो. तुम्ही तपासलं नव्हतं?"

"तीनदा तपासलं. नावं."

चांदपाशा पडद्याकडे बघत बसले. नावं वाचून तपासता येतात. कोरी जागा कुणी वाचत नाही. पण ज्यानं छापखान्यातला पहिला आठवडा फक्त कोरे खिळे हाताळले, त्यानं ती विसरावी?

खातूनबी चहा घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून दारातच थांबली. "क्या हुआ? कौन गुजर गया?"

"घरं गेली," चांदपाशा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं जांबखडीला गेले. आधी हॉलमधली पेटी पाहिली. शाबूत पानं म्हणजे मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि पहिल्या गल्लीचा वरचा कोपरा. बाकी हाताला लागताच पीठ होत होतं. मग साखराबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. आपली चूक त्यांनी सरळ सांगितली. तिला फाइल म्हणजे काय ते कळलं नाही, पण चूक झाली हे कळलं.

"तुझ्या गल्लीतली रिकामी घरं सांग मला, माय. कुठंकुठं होती?"

"माझ्या शेजारचं सिंधुबाईचं. डाव्या हाताला तिसरं."

"आणि पुढं?"

तिनं डोळे मिटून बोटं हलवली, मग थांबली. "माझ्या घराच्या पुढं मी कधी मोजलंच न्हाई, पाशाभाई. माझं घर आलं की मी पान मिटायची."

सिंधुबाई म्हणजे कोण, हे तिनंच सांगितलं. त्या घरातली पाचही माणसं वाचली होती. सिंधुबाईनं हातांनी माती उकरून साखराबाईला बाहेर ओढलं, आणि पुढं महिनाभर शेडमध्ये आपल्या ताटातली भाकर मोडून खाऊ घातली. ती आता पुण्याला लेकाकडं असते. सहा-सात वर्षांत भेट नाही. "त्या पुस्तकात एवढं एकच घर होतं," साखराबाई म्हणाली, "जिथं बोट ठेवल्यावर रडू यायचं न्हाई."

चांदपाशा नव्या गावात प्लॉट नंबर विचारत हिंडले. वाचलेल्या घरांतले निम्मे लोक लातूरला, पुण्याला, हैदराबादला. जे होते त्यांच्यातले म्हातारे एकमेकांना खोटं पाडत होते. "आमचं घर मारुतीच्या पाराला लागून." "हाट! पाराला लागून आमचं. तुमचा तिथं गोठा होता, गोठा!" एकानं तर भूकंपाच्या कितीतरी आधी विकलेलं घरही आपलंच म्हणून सांगितलं. पाच चकरा झाल्या. सप्टेंबरच्या आठ तारखेला वहीत सतरा घरं पक्की होती. उरलेल्या सव्वीस घरांची जागा सांगणारा माणूस सापडला नाही. एकाच माणसाला ती ठाऊक होती, ते गुरुजी, आणि त्यांची वहीही त्यांच्यामागं उरली नव्हती.

कशिशनं ती सतरा तरी घालायची म्हणून हट्ट धरला. तिनं त्यांच्यासाठी वेगळी खूण केली: रिकामं घर. तपासणीच्या प्रोग्रामनं ती फेकून दिली. प्रत्येक नोंदीला नाव असलंच पाहिजे, असा चाळीस गावांसाठी एकच नियम होता, आणि तो बदलायचा अधिकार लातूरला कुणाला नव्हता. मग तिनं नावाच्या जागी नुसती आडवी रेघ घातली. ते चाललं. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा चांदपाशांनी रस्त्यातच दोन्ही हात वर करून अल्लाचा शुक्र मानला.

चार दिवसांनी आदिनाथचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"काका, तुमचं गाव सगळ्यात स्वच्छ निघालं बघा. फक्त सतरा नोंदींत नाव न्हवतं, रेघा होत्या. त्या आमच्या इथं आपोआप निघाल्या. आणि यादी अकारविल्हे लागली. कुणालाबी आपलं माणूस दोन सेकंदांत सापडंल."

चांदपाशांनी त्याला सगळं सांगितलं. गल्ली, वेस, गुरुजी, साखराबाईचं बोट. आदिनाथनं मधे न तोडता ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा आजा शेजारच्या तालुक्यात त्याच पहाटे गेला होता.

"मला कळतंय, काका," तो शेवटी म्हणाला. "पण चाळीस गावांना एकच साचा हाय. एकाला वेगळं करायचं म्हटलं तर वरून मंजुरी, ती डिसेंबरपर्यंत येत न्हाई. पुस्तकं छापायला गेलीसुद्धा. आणि तुम्हीच सांगा, उरलेली सव्वीस घरं कुठं बसवू?"

चांदपाशांनी ते नातीला फोनवर सांगितलं. कशिश म्हणाली, "दादा, मी आपल्यापुरती एक प्रत काढून देते. सतरा घरांची."

"अर्धी गल्ली लावली की बाकीची घरं भलत्याच जागी सरकतात, बेटा," ते म्हणाले. "चूक एकदा झाली माझी. आता जाणूनबुजून करू?"

तीस सप्टेंबरला हॉल भरला होता. जाड, गुळगुळीत कागदाचं नवं पुस्तक काचेच्या पेटीवर उघडं ठेवलं होतं. भाषणं झाली. भिंतीवर वेबसाइट दाखवली. एका मुलीनं आपल्या आजीचं नाव लिहिलं, ते क्षणात आलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांदपाशांनीही वाजवल्या. छपाई चांगली होती, ते त्यांना नाकारता येत नव्हतं.

मग रांग लागली. साखराबाई नातसुनेच्या हाताला धरून पुढं आली, आणि चांदपाशांना पाहताच तिनं नातसुनेचा हात सोडला. "पाशाभाई हायत, तू बस."

तिनं दुसरं पान उघडलं. बोट डाव्या बाजूला वर ठेवलं. एक. दोन. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं. परत वर गेलं. एक. दोन. पुन्हा थांबलं.

"रिकामं कुठंय?"

चांदपाशा तिच्या शेजारी उभे होते. मागं रांगेत दहा-बारा माणसं होती.

"या पुस्तकात न्हाई, माय."

तिनं पान उलटलं. आणखी एक उलटलं. सगळी पानं वरून खालपर्यंत भरलेली होती. ती शेवटपर्यंत गेली, मग मान वर केली.

"रिकामं एकबी घर न्हाई? म्हंजे सगळीच गेली म्हणायची?" आणि चांदपाशा ऐकत आहेत की नाही ते बघून, हळू आवाजात, "सिंधुबाई बी गेली का? मला कुणी कळवलं न्हाई."

"न्हाई माय, न्हाई. जिती हाय ती. पुण्याला हाय."

"मग तिचं घर कुणी भरलं?"

त्यांनी तिचं बोट धरून एकतिसाव्या पानावर नेलं, जिथं भागवत होता. वय अकरा. तिनं ओळीवरून बोट फिरवलं. मग खालच्या ओळीवर नेलं.

"हे ह्याचे वडील?"

"न्हाई. ही भागीरथी म्हणून कुणी हाय. रामलिंग पुढं हाय, सात पानं सोडून."

"बाप-लेक एका घरात न्हाईत?"

"नावाच्या क्रमानं लावलंय, माय."

"भागीरथी वेशीपल्याडची. तिचं-माझं बोलणं बी न्हवतं," साखराबाई म्हणाली. मागून कुणीतरी, चला आजी, म्हणालं. तिनं ऐकलं नाही. भागवतच्या नावापासून तिनं बोट बाजूला सरकवलं, समासात, जिथं कागद पांढरा होता, आणि तिथं ते टेकवून ठेवलं.

"इथं सिंधुबाई," ती म्हणाली. "मी धरून ठेवते."

चांदपाशांनी मान हलवली.

"पण पुढल्या साली हे पान मला कोण काढून देईल? मला तर वेशीपासूनच येता येतं."

"मी येईन ना."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी, एसटीच्या तीन तासांनी गळालेला. तिनं बोट उचललं. पानावर घामाचा पुसट ठसा क्षणभर दिसला, आणि गुळगुळीत कागदावरून वाळून गेला.